गुरुजींच्या गाडीचं समोरचं काम

मोटारसायकलच्या समोरच्या फोर्कचा तळाचा बोल्ट काढला, खाली ट्रे धरला आणि वाट पाहत बसलो. तेल येईना. फोर्कचं तेल पातळ असतं, बोल्ट सैल केला की धार लागते. इथे बऱ्याच वेळानं एक काळा, चिकट गोळा बाहेर डोकावला आणि पाकासारखा लोंबत राहिला. खाली काही पडेना.

"गुरुजी, याच्यात काय टाकलं जी?"

रामटेके गुरुजी माझ्या गॅरेजातल्या लाकडी स्टुलावर बसले होते. एकोडीचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. गाडी शंभर सीसीची, जुनी, त्यांच्या नोकरीच्या उमेदीतली. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"मी नाही टाकलं. साळ्यानं टाकलं."

"कोणतं?"

"ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं. मांगच्या साली मंडईले गेलो होतो आंबागडले. त्यानं गाडी दाबून पाह्यली. म्हणे, भाऊजी, समोरून लय बसते. मी जेवून राहिलो होतो, तोवर त्यानं आंगणात खोलून भरूनबी टाकलं."

"आन तुमी भरू देलं?"

"पाहुणचार होता तो. नाही कसं म्हणू?"

आमच्याकडची मंडई म्हणजे भाजीचा बाजार नव्हे. दिवाळी झाली की भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, दंडारीचा नाच-सोंगांचा खेळ, रात्री नाटक. लेकी आणि जावई त्या दिवशी हटकून येतात. जावयाला कुणी कोंबडा कापतो, कुणी टॉवेल-टोपी देतो. आंबागडच्या साळ्यानं गिअर ऑइल दिलं.

त्या साळ्याला मी एकट्याला दोष देणार नाही. आमच्या धानपट्ट्यात हा समज घरोघरी आहे. फोर्क म्हणजे हँडलपासून समोरच्या चाकापर्यंत येणाऱ्या दोन नळ्या. आत स्प्रिंग असते आणि तेल असतं. धक्का स्प्रिंग झेलते, आणि त्या स्प्रिंगला उड्या मारू न देण्याचं काम तेल करतं. बारीक भोकांतून ते वरखाली होतं, त्यात धक्का मुरतो. आता आमची माणसं धानाचं पोतं टाकीवर आडवं टाकतात, बायको मागे, लेकरू मधे. मग फोर्क बसतो. मग कुणीतरी शहाणा सांगतो, घट्ट तेल टाक, उभी राहील. उभी राहतेच. तेल भोकांतून जातच नाही, मग नळी हलणार कशी? आणि नळी हलली नाही की खड्डा थेट मनगटात येतो. मी आयुष्यभर लोकांना हे सांगत आलो. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन हार्वेस्टरवाल्याकडून तेल मागून आणतात.

नळ्या बाहेर काढल्या तर त्यांचीही दशा तीच. रोवणीच्या दिवसांत गाडी बांधीच्या धुऱ्यापर्यंत जाते, म्हणजे थेट शेताच्या बांधावर. चिखल नळीवर वाळतो आणि पुढच्या खड्ड्यात तोच चिखल रबरी सील कापून टाकतो. नळीवरचा चकचकीत क्रोमचा मुलामा उडाला होता, हात फिरवला तर खरखर लागत होती. एक नळी किंचित वाकलेलीही होती.

"सील बदलून नाही होणार," मी म्हणालो. "नळ्या टाका लागतील."

"नळ्या कायले? अख्खं समोरचं बदल. नवीन मॉडेलचं टाक. आन डिस्क ब्रेक बसवून दे."

मी हसलो. "गुरुजी, या गाडीले डिस्क? तुमी का आता रेस लावता?"

ते हसले नाहीत. "बसते का नाही, तेवढं सांग."

"बसवलं तं सारंच बसते."

"मंग बसव. मंडईच्या आधी पाहिजे."

ही गाडी मला नवी होती तेव्हापासून ठाऊक. तेव्हा माझं गॅरेज म्हणजे साकोलीच्या स्टँडमागचं टिनाचं शेड. दिवसभर टू-स्ट्रोक गाड्यांचा निळा धूर असायचा. प्लग घासायचे, कार्बोरेटर फुंकायचा, किक मारून मारून चपलेचा अंगठा तुटायचा. माणसं गाडी टाकून निघून जात नसत. काम होईपर्यंत बसत, बोलत, चहा मागवत. गुरुजी परीक्षेचे पेपर घेऊन यायचे. मी इंजिन खोलायचो आणि ते माझ्या टूलबॉक्सवर पाय ठेवून पेपर तपासायचे. एखाद्या पोरानं भन्नाट उत्तर लिहिलं असलं की मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि सगळं गॅरेज हसायचं. आता माझं गॅरेज पक्कं आहे, मुलगा पाहतो. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो पाठवतं आणि गाडी झाली की किल्ली घेऊन जातं. धंदा बरा आहे, पण बोलायला कोणी नाही. म्हणून जुन्या गाड्यांची कामं मी अजून स्वतःकडे ठेवतो.

या गाडीची एक गोष्ट आहे. गुरुजींचं लग्न झालं तेव्हा सासऱ्यानं जावयाला मोटारसायकल द्यायची म्हणून बुक करायची तयारी केली होती. गुरुजी म्हणाले, नको. पोरगी देऊन राहिले, तेच पुष्कळ. पहिल्या मंडईला ते बायकोला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आंबागडला गेले. साकोली तालुक्यातून तुमसर तालुक्यात, सायकलनं! किल्ल्याखालच्या त्या गावात लोक पारावर बसून हसले म्हणे. बाकीचे जावई गाडीवर आले होते ना. पुढे काही वर्षांनी गुरुजींनी स्वतःच्या पगारातून ही गाडी घेतली आणि मंडईच्या दिवशी आंबागडात शिरले. त्या दिवसाचं वर्णन मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की मला वाटतं, मीही तिथे होतो. तेव्हापासून एकही मंडई त्यांनी सोडली नाही. गुरुजी समोर, त्यांच्या पत्नी शशिकलाबाई मागे.

शशिकलाबाई म्हणजे आमच्या भागातल्या नर्सबाई. उपकेंद्रात नोकरी केली. लसीचा डबा मोपेडला बांधून गावोगाव फिरल्या. आमच्या घरची पोरं त्यांच्याच हातची सुई खाऊन मोठी झाली.

तर काम सुरू झालं. त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचा समोरचा संच नागपुरातून मागवला: जाड नळ्या, चाक, डिस्क, आणि दोन्ही नळ्यांना धरून ठेवणारा जोड, त्याला आम्ही 'टी' म्हणतो. टीचा दांडा जुन्या चेसीत बसेल की नाही ही पहिली धाकधूक. लांबी जुळली, बेअरिंगही जुळलं. हँडल मात्र एका बाजूला जास्तच वळायचं आणि टाकीला लागायचं. हँडलला अडवणारा खटका वेल्डिंग करून वाढवला. स्पीडोमीटरची केबल नव्या चाकाला बसेना, तिची सोय लावली. मग हेडलाइट. नव्या संचाला चौकोनी, टोकदार हेडलाइट लागतो. गुरुजींनी तो हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला.

"हा नोको. गोलच पाहिजे."

"गुरुजी, गोल बसवायले पट्ट्या कापा लागतील."

"काप. आंबागडचे लोक गाडी दुरून ओळखतात."

कापल्या. या वयात आपण कुणाच्या हौसेला नाही म्हणत नाही.

शेवटचं काम बैठकीचं. गाडीवर माणूस बसला की फोर्क थोडा दबला पाहिजे. अजिबात दबला नाही तर खड्ड्यात चाक आदळतं, फार दबला तर ब्रेक मारताच नाक जमिनीला लागतं. प्रत्येकाचं वजन वेगळं, म्हणून स्प्रिंगच्या डोक्यावर लोखंडी नळीचा तुकडा कमीजास्त करून हा मेळ घालतात. कंपनी सगळ्यांसाठी एकच माप देते. मी गुरुजींना गाडीवर बसवलं, तुकडा कापला, पुन्हा बसवलं, पुन्हा कापला. तेल बरोब्बर हवं तेवढं पातळ भरलं. हँडल दाबून पाहिलं आणि खरं सांगतो, मला माझाच अभिमान वाटला. लोण्यात बोट जावं तसा फोर्क खाली जायचा आणि शांतपणे वर यायचा.

"चला गुरुजी, ट्रायल घेऊ. तुमी चालवा, मी मांगं बसतो."

"तू कायले? मी एकटा पाह्यतो न."

"मले आवाज ऐकू येते मांगून."

एकोडीच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे धान पिवळा पडलेला, काही बांध्या कापून झालेल्या. गुरुजी सावकाश चालवत होते. खड्डे येत होते आणि समोरून काही जाणवत नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो, फोर्क सुरेख काम करत होता. तेवढ्यात तलावाच्या पाळीवरून म्हशी उतरल्या.

डिस्क ब्रेकला दोन बोटं पुरतात, त्यासाठीच तो असतो. गुरुजींची बोटं लिव्हरवर गेली आणि तिथेच राहिली. दाबली नाहीत. पायाचा ब्रेक लागला, मागचं चाक घसरलं, गुरुजींनी दोन्ही पाय जमिनीवर टाकले, मीही टाकले आणि आम्ही दोघे म्हातारे चपला घासत एका म्हशीच्या शेपटीपाशी थांबलो. म्हशीनं मान वळवून पाहिलं आणि ती पुढे गेली.

"ब्रेक काहून नाही दाबला?"

"दाबला न."

"नाही दाबला. मी पाहून राहिलो होतो."

त्यांनी गाडी स्टँडवर लावली. मी माझा हात त्यांच्यासमोर धरला. "दाबा. जोर लावून दाबा."

ज्या हातानं त्यांनी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं, तो हात त्यांनी माझ्या हातात दिला. पकड लहान पोरासारखी होती.

"मानेची नस दबली आहे म्हणते डॉक्टर," ते म्हणाले. "बोटं आयकत नाहीत. गिअर ऑइलनं आणखी हाल झाले. मले वाटलं, समोरून नरम झाली, ब्रेक हलका झाला, तं निभून जाईन. यंदाची मंडई तेवढी करू दे, मिस्त्री. मंग गाडी तूच ठेव."

"नर्सबाईले माहीत आहे?"

"नाही. तिले सांगू नोको. पोरायले कळलं तं गाडी त्याच दिवशी इकून टाकतील."

परत येताना मी चालवली. गॅरेजला आल्यावर त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली खिशात टाकली.

"नाही देत."

"गाडी माझी आहे."

"गाडी तुमची आहे जी. मांगं बसणारी बाई माझ्या लेकरायची नर्स आहे. म्हशीच्या जागी ट्रक राहिला असता तं?"

गुरुजी माझ्यावर आजवर कधी चिडले नव्हते. त्या दिवशी मात्र लाल झाले. "तू कोण ठरवणारा? तू मिस्त्री आहेस. फोर्क बसवला, तुझं काम झालं!" असं म्हणून ते ताडताड स्टँडकडे गेले. मी दाराशी उभा राहून त्यांना एसटीत चढताना पाहिलं. दांड्याला धरायला त्यांनी कोपराचा आधार घेतला. हे मी आधी का पाहिलं नाही, असं वाटून गेलं. चूक की बरोबर मला कळेना. त्यांच्या हातून मी गाडी नव्हे, मंडई काढून घेतली होती.

मंडई तोंडावर आली तशा एका सकाळी शशिकलाबाई एकट्याच गॅरेजात आल्या. पर्स काखेत, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा.

"जय भीम, भाऊ. गाडी तयार आहे म्हणे."

"गाडी तयार आहे, बाई. पण..." मी अडखळलो. सांगू नको म्हटलं होतं ना.

"पण गुरुजीचे हात तयार नाहीत. माहीत आहे मले."

"त्यायनं सांगितलं?"

"ते कायले सांगतील? मी शर्टाचं बटन लावून देते, तं म्हणतात काज लहान शिवला. भात कालवताना दिसत नाही का माणसाले? जलमभर लोकायचे हात पाह्यले मी." त्या स्टुलावर बसल्या. "घरी आले तसे तोंड फुगवून बसले. मिस्त्रीनं गाडी बिघडवली म्हणे. तवाच समजली मी."

"मंग आता कसं करता? आंबागडहून तुमचा भाचा कार घेऊन येईल न."

"कार काहून? गाडी तयार आहे न? मी चालवीन."

"बाई, गिअरची आहे."

"मंग? पाणी-चिखलाच्या दिवसांत माझी मोपेड फसे, तवा हीच घेऊन जात होती मी उपकेंद्रात. लायसन पाह्यता का?" आणि खरंच पर्स उघडू लागल्या. "तुमी एक काम करा, भाऊ. समोरचं गुरुजीच्या वजनावर बसवलं असन तुमी. ते माझ्या वजनावर लावा."

फोर्क वजनावर बसवतात हे त्यांना कुणी सांगितलं, मी विचारलं. म्हणाल्या, गुरुजीच घरी सांगत होते कौतुकानं. भांडण व्हायच्या आधी.

मी पुन्हा फोर्क खोलला. बाई हलक्या, तेव्हा वरचा तुकडा छोटा कापला. उंचीही बेताची, पाय टेकायला हवेत, म्हणून नळ्या टीमध्ये थोड्या वर सरकवल्या. त्यानं गाडीचं नाक खाली येतं. ब्रेकचा लिव्हर त्यांच्या बोटांच्या जवळ आणला. मग त्यांनी स्टँडच्या मागच्या मैदानात चकरा मारल्या. पहिल्या चकरेला गाडी बंद पडली, दुसरीला बंद पडली नाही. पुढे मी पाहणं सोडून दिलं, इतकं ते सरळ होतं.

मंडईच्या दिवशी दोघेही आले. नर्सबाईंनी पदर कमरेला खोचला, हेल्मेट घातलं आणि गाडीवर बसल्या. गुरुजी बाजूला उभे. माझ्याशी अजून बोलत नव्हते.

"मी मांगं बसू?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मंग का टाकीवर बसता?"

"आंबागडचे लोक का म्हणतील?"

"गाव माझं आहे. ते का म्हणतात, ते मी पाहीन. बसा."

गुरुजी बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजेना. आधी मांडीवर ठेवले, मग सीटच्या पट्ट्याला धरलं, शेवटी बायकोच्या खांद्यावर ठेवले आणि कुणी पाहत नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मी पाहत होतो. गाडी निघाली, चौकातल्या गतिरोधकावर समोरचा फोर्क अलगद दबला आणि वर आला. ज्या शेडमध्ये बसून त्या माणसानं पेपर तपासले, ते शेड गेलं, तो धूर गेला, आणि ही गाडी अजून आंबागडच्या रस्त्याला लागत होती.

मंडई आटोपून ते परत आले तेव्हा मी दारातच होतो. नर्सबाई टवटवीत. आंबागडात पोरी गाडीमागे धावल्या म्हणे, वहिनीनं ओवाळलं. साळ्याला गाडीला हात लावू दिला नाही. गुरुजी मात्र कमरेवर हात ठेवून उतरले आणि थोडा वेळ तसेच वाकून राहिले.

"मिस्त्री," इतक्या दिवसांनी ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले, "मांगचे शॉकअप गेले आहेत. खड्डा आला का पाठीत कळ निघते. अशानं माणूस मरन!"

मी मागून गाडी दाबून पाहिली. दोन्ही शॉकअप कधीच संपले होते, आत काही उरलंच नव्हतं. काम समोरचं होतं, मागचं कुणी विचारलं नव्हतं.

"हे आताचं नाही, गुरुजी. लय जुनं आहे."

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. "तुले लागत नव्हतं?"

"लागत होतं न."

"मंग सांगितलं काहून नाही?"

नर्सबाई हेल्मेटचा पट्टा सोडत होत्या. "सांगितलं होतं जी. नातू झाला तवा सांगितलं, त्याच्या आंधीबी सांगितलं. तुमी म्हणत होते, मले तं काही लागत नाही."

गुरुजी स्टूल ओढून बसले. मग म्हणाले, "मांगचेबी नवीन टाक. सगळ्यात नरम असतील ते."

मी टाकले. नर्सबाई म्हणाल्या, या वेळी गुरुजींच्या वजनावर लावा.

आता कुणी गाडीचं काम घेऊन आलं की मी आधी विचारतो, मागे कोण बसतं, आणि त्यांना काही त्रास आहे का. बहुतेक जण म्हणतात, तिला काय त्रास, ती तर नुसती बसते. त्यांना मी त्यांच्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसवतो आणि एकोडीच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आणतो. परत आल्यावर काम वाढतं.